हेदोने: सुख, भोग की गोडी?

‘हेदोने’ या प्राचीन ग्रीक शब्दासाठी मराठीत सहसा ‘सुख’ वापरतात आणि त्यावरून निघालेल्या मताला ‘सुखवाद’ म्हणतात; त्यात चूक काही नाही, पण मूळ शब्दाचे जिभेशी असलेले नाते त्यात दिसेनासे होते.

हे नाम ‘हेदुस’, म्हणजे गोड, या विशेषणाच्या कुळातले आहे आणि हेदुस हा संस्कृत ‘स्वादु’चा सख्खा भाऊ आहे. शब्दारंभीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये स्वरापूर्वी ‘ह’ होतो, जसे सप्त आणि हेप्ता, सम आणि होमोस. इथे ‘स’नंतरचा ‘व’ही गळाला आणि दीर्घ ‘आ’चा अथेन्सकडच्या बोलीत ‘ए’ झाला. डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीने मात्र तो ‘आ’ जपला, म्हणून तिथे ‘हादुस’ असे रूप सापडते. इंग्रजी ‘स्वीट’ही याच घरचा.

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यांत हेदोने हे नाम येत नाही, हेदुस मात्र मद्याला, हसण्याला आणि झोपेला लागतो. त्याच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात ग्रीक राजा मेनेलाओसवर सुटलेला बाण अथेना देवी बाजूला सारते, ती कशी, तर गोड झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी आईने हाकलावी तशी. तिथल्या ‘गोड’ला हेदुस आहे आणि झोपेला ‘हिप्नोस’, जो आपल्या ‘स्वप्न’च्याच धातूतला, आपली साखरझोप तरी याहून वेगळी काय आहे?

पुढे अनॅक्सॅगोरस हा तत्त्वज्ञ वस्तू ज्यांपासून बनतात त्या बीजांना नाना आकार, रंग आणि ‘हेदोने’ असतात असे सांगतो. तिथे ‘सुख’ घातले तर वाक्यच मोडते, कारण अर्थ आहे चव. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ संवादातला, शब्दांचे बारीक भेद करणारा प्रोडिकसही, शिकण्याने मनाला होणारा आनंद वेगळा काढून, याच कुळातले क्रियापद खाण्यासारख्या शरीराच्या अनुभवासाठी राखून ठेवतो.

म्हणून मला ‘गोडी’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण गुळाची गोडी आणि अभंगाची लागलेली गोडी या दोन्ही तो सहज पेलतो. सुखालाच ध्येय मानणाऱ्या एपिक्युरस या तत्त्वज्ञापाशी मात्र तो अडतो. मेनोयकेउस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात हेदोने म्हणजे शरीराला वेदना नसणे आणि मनात खळबळ नसणे, असे तो स्पष्ट करतो, आणि चैनीचा अर्थ लावणाऱ्यांना खोडून काढतो. तिथे ‘भोग’ तर मुळीच नको, ‘सुख’च ठेवावे.