लीड्सजवळचा उघड्यावरचा जुना बाजार पाहण्यासाठी कोणत्या गावी जावे?

मिरजकर काकू:
नमस्कार. जून आणि जुलै आम्ही उभयता इंग्लंडमध्ये लीड्सला मुलीकडे मुक्कामाला आहोत. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीवर जात असल्यामुळे दिवसा आमची सोबत आम्हालाच, आणि सुपरमार्केटमध्ये ढकलगाडी घेऊन फिरण्याचा आता कंटाळा आला आहे. एखाद्या जुन्या गावातला उघड्यावर भरणारा बाजार पाहावा, अशी इच्छा आहे. रेल्वेने जाऊन संध्याकाळच्या आत परतता येईल असे गाव कोणते, तेथे घासाघीस चालते का, आणि आम्ही शाकाहारी असल्यामुळे कशाबाबत जपावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

एअरडेलवासी:
काकू, आपण स्किप्टनला जावे. लीड्सहून थेट गाडी आहे, प्रवास साधारण पाऊण तासाचा आहे, आणि स्थानकातून बाहेर पडल्यावर रमतगमत चालले तरी हाय स्ट्रीट, म्हणजे गावातला मुख्य रस्ता, फारशी लांब नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवशी तेथे रस्त्याच्या दोन्ही कडांच्या दगडी फरसबंदीवर पाले पडतात आणि वरच्या टोकाला चर्च व किल्ला उभा असल्याने बाजार आणि गाव एकाच फेरीत पाहून होते. शनिवारी पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा बुधवारी सकाळीच निघावे. दुपार कलली की विक्रेते आवराआवर करू लागतात. फरसबंदी उंचसखल आहे, म्हणून चाकांच्या पिशवीपेक्षा खांद्याची कापडी पिशवी बरी.

घासाघीस करू नये, ती तेथे कोणी करत नाही. मात्र बाजार उठण्याच्या सुमारास विक्रेतेच भाव उतरवतात. पुष्कळ ठिकाणी फळे वाडग्यांत मांडून वाडग्याचा भाव लिहिलेला असतो, म्हणजे आपल्याकडच्या वाट्याचाच प्रकार. त्यातली फळे निवडून घेऊ लागलात तर विक्रेत्याच्या कपाळाला आठी पडेल. सुटा माल किलोवर विकण्याची सक्ती २००० सालापासून आहे, तरीही पाट्यांवर जुन्या मापाचा भाव शेजारी लिहिलेला आढळतो. तेथे ‘एलबी’ दिसल्यास तो सुमारे ४५४ ग्रॅमचा भाव समजावा. आपण येथे आहात त्या दिवसांत स्ट्रॉबेरी आणि शेंगांसकट मटार अवश्य घ्यावेत.

शाकाहारी प्रवासी:
चीजच्या गाळ्यावर थोडी चौकशी करावी. यॉर्कशर या आपल्या भागात हॉझ गावचे वेन्सलीडेल चीज प्रसिद्ध आहे आणि ते फळांच्या केकबरोबर खाण्याची तिकडची रीत खरोखर चविष्ट आहे. परंतु दूध विरजवण्यासाठी काही चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, म्हणून वेष्टनावर शाकाहारी असा उल्लेख आहे ना, हे पाहावे किंवा सरळ विचारावे. असे प्रश्न विक्रेत्यांना नेहमीचेच असतात. त्याहून फसवी वस्तू म्हणजे बटाट्याचे चिप्स, म्हणजे आपले वेफर्स नव्हेत, तर गरम तळलेले जाड काप. यॉर्कशरमधली अनेक जुनी दुकाने ते गोवंशाच्या चरबीत तळतात, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जुने दप्तर:
स्किप्टनची शिफारस मान्य आहे. जॉन राजाने १२०४ साली त्या गावाला बाजाराची सनद दिली, तेव्हा परंपरेचा प्रश्नच उरत नाही. तेराव्या शतकातल्या इंग्लिश कायदेग्रंथात असा दंडक सांगितला आहे की, जुन्या बाजारापासून सुमारे पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार बसवणे हा उपद्रव समजावा. माणसाची दिवसाची वाटचाल वीस मैल धरून तिचा एक हिस्सा जाण्याला, एक खरेदीविक्रीला आणि एक उजेडी परतण्याला, असा त्यामागचा हिशोब होता. आजही आसपासच्या गावांचे वार वेगळे आहेत: मंगळवारी हॉझ आणि सेटल, बुधवारी नेर्सबरो, गुरुवारी रिपन. आपल्या आठवडी बाजारांप्रमाणे वार बघून गाव निवडले तर महिनाभराचा कार्यक्रम होईल.

तथापि घरच्या स्वयंपाकाची खरेदी करायची असेल, तर मुलीच्या घरापासून बसने लीड्सच्याच कर्कगेट मार्केटला जावे, हे माझे स्पष्ट मत आहे. ते छताखालचे आहे, त्यामुळे पावसातही जाता येते, आणि ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ या दुकानांच्या साखळीचा उगम १८८४ साली तेथेच एका पेनीला वस्तू विकणाऱ्या गाळ्यातून झाला.

मिरजकर काकू:
सर्वांचे आभार. या बुधवारी स्किप्टन नक्की केले आहे. चिप्सची माहिती यजमानांना तातडीने वाचून दाखवली.