महिला मंडळाची चाळिशी, जुनी वही आणि कपाटाची किल्ली

ए-२०४ (मंडळाच्या चिटणीस): सगळ्यांना नमस्कार. पुढच्या महिन्यात आपल्या सोसायटीच्या महिला मंडळाला ४० वर्षं होतायत. संस्थापक सभासदांचा सत्कार आणि छोटी स्मरणिका असं ठरतंय. नवीन सभासदही हवेत. पटावर १९ जणी आहेत, मीटिंगला येतात ७. त्यातल्या पाचजणींना जिना जमत नाही, माझ्यासकट.

डी-१०३: 👏👏 अभिनंदन!

बी-३०२: स्मरणिका माझ्या गळ्यात आहे, म्हणून काल इतिवृत्ताची पहिली वही घरी आणली. शिवण सुटलीय, पानं एकमेकांना चिकटलीत. पहिल्या सभेला २३ जणी हजर, पण एकीचंही स्वतःचं नाव नाही. नुसतं ‘सौ.’ आणि आडनाव. एकाच आडनावाच्या दोघी निघाल्या, तेव्हा दुसरीपुढे कंसात नवऱ्याची बँक लिहिलीय. आता शाल कुणाला द्यायची, बँकेला?

ए-२०४: अगं, तेव्हा तशीच पद्धत होती.

बी-३०२: हो काकू, चूक काढत नाहीये. माझी मावशी इनरव्हीलमध्ये आहे, म्हणजे रोटरी या समाजसेवेच्या क्लबशी जोडलेल्या बायकांच्या क्लबमध्ये. तिच्याकडून ऐकलेलं सांगते. १९२३च्या नोव्हेंबरात मँचेस्टरमध्ये रोटरीवाल्यांच्या बायका जमल्या, त्या चक्क एका टर्किश हमामाच्या जागेत. १० जानेवारी १९२४ला क्लब रीतसर सुरू झाला. पुढाकार मार्गारेट गोल्डिंग यांचा. बाई शिकलेल्या नर्स, शिवाय स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या. पण सभासद व्हायचं तर रोटरीशी घरचं नातं हवं. पुढे १९८९मध्ये रोटरीनेच जगभर बायकांना दार उघडलं. मग ‘रोटेरियनची बायको’ एवढ्या ओळखीवर नव्या पोरी कशाला येतील? इनरव्हीलनेही नियम सैल केला. आता रोटरीशी नातं नसलेल्या बाईलाही बोलावून सभासद करता येतं.

सी-५०१: आणि आपला नियम काय आहे?

बी-३०२: ‘फ्लॅटधारकाची पत्नी.’ कलम ३.

सी-५०१: म्हणजे मी बादच. भाडेकरू, आणि लग्न नाही. मागच्या वर्षी मंडळाचं रुग्णसाहित्याचं कपाट (आजाऱ्यांना वापरायला द्यायच्या वस्तूंचं) आवरायला मात्र मला बोलावलं होतं 😄

ए-२०४: तुला कुणी नाही म्हटलं का गं? पण नियम संस्थापिकांनी केलाय. चाळिशीच्या तोंडावर आपणच तो मोडायचा, हे बरं दिसत नाही.

बी-३०२: काकू, त्यांनीच मोडलाय. दुसऱ्या वर्षीच्या सभेतला ठराव बघा, शब्द जसेच्या तसे: ‘भाड्याने राहणाऱ्या शिक्षिकाबाई हिशेबात चोख असल्याने खास बाब म्हणून त्यांना खजिनदार नेमण्यात येत आहे.’ सूचक आणि अनुमोदक दोघींच्या सह्या आहेत. त्या बाई पुढे सहा वर्षं खजिनदार होत्या. व्हीलचेअर त्यांच्याच काळात घेतली. स्मरणिकेत छापायचं तर हे पान छापू या.

ए-२०४: कोण त्या, आठवलं. पावती लगेच दिली नाही तर रागवायच्या. बरं, कलम ३ सभेपुढे ठेवते.

सी-३०१: मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. मी फ्लॅटधारकाची पत्नीच आहे, तरी येत नाही. सभा बुधवारी दुपारी ३ला. त्या वेळी मी ऑफिसात असते. ‘आजकालच्या मुलींना आवड नाही’ हे लिफ्टमध्ये चार वेळा ऐकलंय. आवडीचा प्रश्न नाही, बुधवारचा आहे.

ए-३०२: रविवारी नातवंडं येतात गं आमच्याकडे.

सी-३०१: मग एक बुधवारी, एक रविवारी. नाहीतर सभाच कमी करा. कामाला माणसं लागतात, सभेला नव्हे.

बी-३०२: मला ही हरकत पटते. पुण्याचं सेवासदन, बायकांना शिकवणारी संस्था, १९०९ सालची. रमाबाई रानड्यांनी बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. त्यांच्यातल्या कितीतरी विधवा. घरंदाज बाईने परक्या रोग्याला हात लावायचा, हे तेव्हा लोकांना रुचणारं नव्हतं. तरी बायका आल्या, कारण त्यातून पायावर उभं राहता येत होतं. आपलं मंडळ आलेल्या बाईला काय देतं? इतिवृत्त वाचायला ४० मिनिटं!

ए-२०४: ४० नाही, २५.

डी-१०३: सुंदर चर्चा. एक सूचना: मोठा फलक लावावा, संगमरवरी.

सी-५०१: काका, फलकाआधी किल्लीचं बघू या का? कपाटाची एकच किल्ली, ती ए-३०२ आजींकडे. परवा रात्री ११ला आमच्या मजल्यावरच्या काकांना कमोड चेअर लागली. आजींना उठवलं, त्या भिंतीला धरत दारापर्यंत आल्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं.

ए-३०२: अगं, मी जागीच होते. पण खरंय, मला आता होत नाही. ३१ वर्षं किल्ली माझ्या उशाशी आहे. व्हीलचेअरचा डावा ब्रेक अर्धवट लागतो, देताना सांगावं लागतं. वॉटर बेड परत आला की पाणी पूर्ण काढून, पावडर लावून ठेवायचा, नाहीतर रबर चिकटतं. हे कुठे लिहिलेलं नाही.

सी-५०१: आजी, शनिवारी येते. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. कपाटाच्या दाराला आतून चिकटवू.

सी-३०१: मीही येते. किल्लीच्या तीन प्रती करू, विंगेला एक.

ए-२०४: डी विंग राहिली.

डी-१०३: आमच्याकडे हिला विचारतो.

बी-३०२: तिला सांगा, कलम ३ प्रमाणे ती पात्र आहे 😄 आणि ए-३०२ आजी, पहिल्या सभेतल्या बायकांची नावं तुम्हाला आठवतील का? नवऱ्याची नकोत, त्यांची स्वतःची.

ए-३०२: १४ नक्की सांगते. दोघींची माहेरची आठवतात, सासरची नाही. चालेल?

बी-३०२: पळत येते. पेन्सिल घेऊन.