अनुभव धागा: आजीच्या बायबलातल्या पेन्सिलीच्या तारखा, आणि तुमची छोटी सवय

माळ्यावरची_ट्रंक
सलाम मंडळी.

काल माळा आवरताना आजीचं बायबल सापडलं. पुठ्ठा सुटलाय, पानांच्या कडेला हळदीची बोटं उमटलीत. स्तोत्र ११९ उघडलं तर दर आठ ओव्यांपाशी पेन्सिलीने तारखा, एकाखाली एक. हे स्तोत्र १७६ ओव्यांचं. हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराला आठ ओव्या, असे २२ तुकडे. आजी रोज एकच तुकडा वाचायची. स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं की उकळी येईपर्यंत. नगर जिल्ह्यातलं आमचं खेडं. अक्षरं ती लग्नानंतर शिकली, बोट ठेवून वाचायची. आठ ओव्या तिला भरपूर व्हायच्या.

तारखा बघत गेले. २४व्या ओवीपाशी ९ जून १९७८. पुढच्या तुकड्यापाशी एकदम २ ऑक्टोबर. त्याच जूनमध्ये आजोबा गेले. जवळजवळ चार महिने पुस्तक बंद, आणि मग जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे. पुन्हा पहिल्यापासून नाही, राहिलेलं एका दिवसात उरकलंय असंही नाही. आणि तो तुकडा सुरू कुठून होतो? जीव धुळीला चिकटलाय, मला जगव, इथून. मी माळ्यावरच बसून रडले.

माझी प्रार्थना दोन वर्षं सुटली होती. सुटली म्हणून लाज, आणि लाज वाटते म्हणून परत बसायचं नाही, असं चाललं होतं. आज सकाळी आधण ठेवलं आणि आठ ओव्या वाचल्या. तुम्ही अशी कोणती बोटभर सवय लावून घेतलीत? लिहा ना.

रातपाळी
ड्युटीवर आहे, तुकड्यातुकड्यात लिहिते. सिस्टर आहे, २२ वर्षं. एका पेशंटपासून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचेच असतात. तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव घेऊन एक वाक्य. आधी फक्त बेड चारच्या आजोबांसाठी करायचे, त्यांच्याकडे कोणी यायचं नाही म्हणून. मग नळ सोडला की आपोआप व्हायला लागलं. वेगळा वेळ काढायचा ठरवला असता तर कधीच जमलं नसतं. बेल वाजली, येते

खाडीपलीकडे
आमच्याकडे वसईत रोज संध्याकाळी पूर्ण रोजरी, पाच दशकं (माळेतल्या दहा-दहा मण्यांचे टप्पे), वर सगळ्या मयतांसाठी प्रार्थना. आम्ही पोरं गुडघ्यावर बसूनच पेंगायचो. नोकरी लागली आणि ते सगळं बंद पडलं. आईला वाईट वाटायचं पण बोलायची नाही.

आता लोकलमध्ये फक्त एक दशक. नायगाव सुटलं की सुरू, भाईंदरच्या खाडीच्या पुलावर संपतं. गर्दीत माळ काढता येत नाही, बोटांवर मोजतो. सहा वर्षं झाली. गेल्या राखेच्या बुधवारी आईला सांगितलं. तिने काही न बोलता सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, अख्खी पुडी डब्यासोबत दिली. उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी!!

तिखटमीठ
सुकेळी!! आमच्याकडे सांगलीत कुठे मिळतील? पार्सल करता का कुणी?

खाडीपलीकडे
@तिखटमीठ उन्हाळ्यात आई वाळवते तेव्हा आठवण करा.

दाराबाहेर
माझा राग फार वाईट होता. घरात शिरलो की आधी चपलांवरून, मग टीव्हीवरून. बायकोने किती वर्षं सोसलं त्याचं मला आज दुःख आहे. चर्चच्या पाळकांना म्हटलं, मला राग सोडायचाय. ते म्हणाले, सगळा राग एकदम नको, दारातला तेवढा बघ. स्तोत्र १४१ मध्ये तोंडावर पहारा ठेव अशी मागणी आहे, तेवढी एक ओवी बेल दाबायच्या आधी म्हण.

तेव्हापासून जिन्यात बॅग खाली ठेवतो, ओवी म्हणतो, मग बेल. एकदा गडबडीत तसाच आत शिरलो आणि ओरडलो. पोरगी तेव्हा आठ वर्षांची. म्हणाली, "बाबा, आज बाहेर थांबला नाहीत का?" मला वाटत होतं कुणाला माहीत नाही. बॅग उचलून परत बाहेर गेलो, थांबलो, पुन्हा बेल दाबली. तिनेच दार उघडलं.

तिखटमीठ
दादा, तुमच्या पोरीला माझ्याकडून एक मोठा पापा.

एक_दिवस
नाव नको. दारू सोडून ११ वर्षं झाली. चर्चच्या मंडळीत सगळे साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला लावतात आणि मला ते जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

पूर्वी दर ३१ डिसेंबरला वॉचनाइटच्या उपासनेत शपथ घ्यायचो, आता आयुष्यभर नाही. जानेवारीतच मोडायची. व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरांनी औषधं देऊन शरीर सावरलं, मग ग्रुपमध्ये "फक्त आजचा दिवस" शिकलो. त्याच सुमारास निर्गम १६ वाचनात आला. मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा, उद्यासाठी साठवला तर किडे पडायचे. शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी मात्र दुप्पट, तो टिकायचा. मी आयुष्यभराचा निर्धार एका रात्रीत साठवत होतो. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" हे लहानपणापासून पाठ होतं, पण त्यातला 'आज' मला चाळिशीत ऐकू आला.

सकाळी दात घासताना म्हणतो, प्रभू, आज रात्री झोपेपर्यंत. बस. कुणाच्या घरी हा त्रास असेल तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. डॉक्टरकडे न्या, ग्रुपला न्या आणि प्रार्थनाही करा.

माळ्यावरची_ट्रंक
@एक_दिवस दादा, खूप मोठं लिहिलंत. आज तुमचं नाव न घेता तुमच्यासाठी प्रार्थना केली.

रातपाळी
आमेन. औषधाचं लिहिलंत ते फार बरं केलंत

तारखेचा_अध्याय
वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ता मी चार वेळा सुरू केला. एकूण ११८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतात. पण उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० झाले की जानेवारी संपता संपता लेवीय येतं, आणि त्यातल्या होमार्पणांत माझी गाडी रुतते. तीन दिवस चुकले की नऊ अध्याय मागे, मग पुस्तक उघडायचीच भीती.

आता नीतिसूत्रे. अध्याय ३१, म्हणून आज १४ तारीख तर १४वा. काल चुकला असेल तर चुकला, मागची बाकी नाही. बारा महिने, बारा फेऱ्या. ज्यांना तक्ता जमतो त्यांनी जरूर करावा, संपूर्ण शास्त्र वाचायला हवंच. मी दोन वर्षं हे केल्यावर आता संध्याकाळी लूकच्या शुभवर्तमानाचा एक परिच्छेद जोडलाय.

भीमाकाठ
पंडिता रमाबाईंचं कुणी लिहिलं नाही अजून? आम्ही केडगावच्या बाजूचे, आमच्याकडे हे लहानपणापासून सांगतात. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्ख्या बायबलाचं भाषांतर केलं, साधारण अठरा वर्षं लागली. तेही मुक्ती मिशनचा, म्हणजे निराधार बायकामुलींच्या आश्रमाचा, एवढा मोठा संसार सांभाळत. छपाई तिथल्याच छापखान्यात, काम करणाऱ्या तिथल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती, तरी हातातलं काम टाकलं नाही. मला एक पान वाचायचा कंटाळा आला की मी हे आठवते.

(आमच्या आजीकडे ती प्रत होती, भाऊबंदकीत कुठे गेली कळलं नाही. असो.)

तिखटमीठ
@भीमाकाठ आजीची प्रत गेली हे ऐकून कसंतरीच झालं.

मूठभर
यांचं पोस्टिंग ऐझॉलला होतं तेव्हा शेजारणीकडे बघितलं. स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ वेगळ्या डब्यात. बुहफाय थाम म्हणतात. मिझो बायकांनी १९१० पासून चालवलेलं, मुठीमुठीने जमलेला तांदूळ चर्चकडे जातो आणि त्यातून सुवार्तेची कामं चालतात. मी पाकिटातून दान द्यायला कायम कचरायचे, महिनाअखेर हात आखडायचा. मूठ काढायला जड जात नाही. इकडे पुण्यात आल्यावर डबा सुरू केला. महिन्याला तीनेक किलो होतात. आमच्या मंडळीतल्या एका एकट्या बाईंकडे पोचवते, त्या निमित्ताने तासभर बसणं होतं. आता त्याच माझी वाट बघतात की मी त्यांची, सांगता येत नाही.

रातपाळी
@मूठभर हे मी उद्यापासून. पण आमच्या तांदळाला पोरकिडे फार होतात हो, काय करता?

मूठभर
कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून तळाशी घाला. ओला अजिबात नको, बुरशी धरते.

माळ्यावरची_ट्रंक
आज गॅस मोठा राहिला, उकळी लवकर आली. पाचच ओव्या झाल्या. तीन राहिल्या आहेत, उद्या तिथूनच. पेन्सिलीने तारीख घातली, आजीच्या तारखेखाली.

खाडीपलीकडे
आमची आजी तांदळात लाल सुक्या मिरच्या टाकायची. त्यानेही किडे येत नाहीत.

रातपाळी
मिरच्या आहेत घरात. पाला नाही. मिरच्याच टाकते