उतारवयातला दीर्घ आजार : रोजचा दिवस कसा जातो?

घरातल्या ज्येष्ठांचे रिपोर्ट आपल्याला तोंडपाठ असतात. सकाळी अंथरुणातून उठताना काय होतं, बाहेर जाणं त्यांनी का सोडलं, हे विचारायचं मात्र राहून जातं. तेच लिहा. सुरुवात मी करते.

आईला आमवात आहे. उठल्यावर तासभर तरी बोटं मिटत नाहीत, नळ फिरत नाही. दुपारी तीच सुई ओवते, त्यामुळे सकाळचं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही! आम्ही तिची सगळी कामं उशिरावर ढकलली, डॉक्टरांची वेळसुद्धा. चिडचिड बरीच कमी झाली.

*

बाबांना पार्किन्सन्स. थरथर लोकांना दिसते, त्यांना छळतो तो मंदपणा. शर्टाचं बटण काजात अर्धं शिरतं आणि निसटतं. पुन्हा शिरतं, पुन्हा निसटतं. मी पुढे झाले की माझा हात बाजूला करतात. लेवोडोपाची गोळी लागू पडली की तेच बटण स्वतः लावतात. प्रथिनं जास्त असलेल्या जेवणाबरोबर ती नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून जेवणाआधी देतो. अक्षर बारीक होत गेलंय. सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत यावं लागलं, ते त्यांना फार लागलं.

*

मी स्वतः 74 वर्षांचा, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुना आजार. आंघोळ हे दिवसातलं सर्वांत मोठं काम. स्टुलावर बसून करतो. ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडायला फिजिओथेरपिस्टनी शिकवलं, जिन्यात उपयोग होतो. दम लागेल या भीतीने माणूस हलेनासा होतो, मग पायांतली ताकद जाते आणि दम आणखी लवकर लागतो. हे चक्र दम लागण्याहून वाईट.

*

यांचं हृदय कमकुवत आहे, लघवीची गोळी चालू. सगळे विचारतात, हल्ली येत का नाही? वाटेत आवरलं नाही तर, ही धास्ती सांगणार कुणाला? शेवटी डॉक्टरांशी मीच बोलले. बाहेर जायच्या दिवशी गोळी परत आल्यावर घेतली तरी चालेल म्हणाले. परवा लग्नाला गेलो!

*

सासूबाईंना मधुमेह. एकदा दुपारी असंबद्ध बोलू लागल्या, सगळ्यांना वयाचं वाटलं. तपासली तर साखर 52. या वयात साखर उतरली तरी घाम, थरथर दिसेलच असं नाही. इन्सुलिन चालू असेल तर अशा वेळी आधी ग्लुकोमीटर काढा.