ॲनाटॉमी (शरीररचना): एक सिस्टीम वाचली की आधीची उडून जाते. अभ्यास कसा करावा?

रानजाई
नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्राला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पण सध्या भाषेचा त्रास फारसा नाही. त्रास वेगळाच आहे. श्वसनसंस्था नीट वाचली, समजली, आणि पचनसंस्था हातात घेतली की आधीचं सगळं साफ! आकृती पुस्तकात बघताना सोपी वाटते. कोरा कागद समोर आला की डाव्या फुप्फुसाला किती लोब (खंड), इथपासून गाडी अडते.
कॉलेजात एक सांगाडा आणि एक प्लास्टिकचं धड आहे, ते बहुतेक कपाटातच असतं. डिसेक्शन (शवविच्छेदन) आम्हाला नाही, एका मेडिकल कॉलेजला फक्त भेट असते. एमबीबीएसला असलेली मैत्रीण म्हणते चौरसियाच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकाचे सगळे खंड घे. घेऊ का? बजेट कमी आहे. मोबाइलवर फुकट काही चांगलं असेल तर तेही सांगा.

टाका_नंबर_तीन
चौरसिया घेऊ नकोस. पुस्तक उत्तम आहे, माझं एमबीबीएसचं पहिलं वर्ष त्यावरच निघालं, पण ते प्रदेशानुसार लिहिलेलं आहे. हात आणि छाती एका खंडात; पाय, पोट, ओटीपोट दुसऱ्यात. कारण आम्ही डिसेक्शनच्या टेबलावर शरीर तसंच उलगडत जातो. तुमचा पेपर सिस्टीमप्रमाणे येतो. रक्ताभिसरण वाचायला तुला प्रत्येक खंडात शोधाशोध करावी लागेल, आणि स्नायूंच्या उगमाचे तक्ते तुला कोणी विचारणार नाही.
रॉस अँड विल्सन घे, ते सिस्टीमप्रमाणे लिहिलेलं पुस्तक आहे; सीनियरकडून जुनी आवृत्ती चालेल. मूत्रपिंडाची जागा काही दर आवृत्तीला बदलत नाही. चित्रांसाठी नेटरचा ॲटलस लायब्ररीत बसून बघ, विकत नको. फुकटात ओपनस्टॅक्सचं ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी पूर्ण पुस्तक नेटवर आहे. थ्रीडी ॲप्स मजेशीर असतात, पण बोटानं चित्र फिरवत बसणं म्हणजे अभ्यास नाही.

सिस्टर_आक्का
रानजाई, मी वॉर्डात केस पांढरे केलेली बाई आहे, त्यामुळे माझा सल्ला पुस्तकाचा नाही. तू सिस्टीम सुट्या सुट्या वाचतेस, म्हणून त्या उडतात. शरीरात त्या सुट्या नसतातच. एक औषध घे आणि त्याच्या मागे चालत जा.
समज, कोपराच्या खळगीत, मीडियन क्युबायटल शिरेत इंजेक्शन दिलं. तिथून औषध बॅसिलिक शिरेत, मग काखेतल्या ॲक्झिलरीत, मग हासळीच्या हाडाखालच्या सबक्लेव्हियनमध्ये, पुढे ब्रॅकिओसेफॅलिक आणि सुपीरियर व्हेना केव्हा. मग हृदयाचं उजवं एट्रियम (वरचा कप्पा), ट्रायकस्पिड झडप, उजवं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा), पल्मनरी धमनी, फुप्फुसं. फुप्फुसातून चार पल्मनरी शिरांनी डाव्या एट्रियममध्ये, मायट्रल झडप, डावं व्हेंट्रिकल, एओर्टा (महाधमनी). एओर्टातून रीनल धमनी, किडनी, युरेटर (मूत्रवाहिनी), मूत्राशय. बघ, रक्ताभिसरण झालं, फुप्फुसांची जागा कळली आणि मूत्रसंस्थेत येऊन पोचलीस.
आता तेच औषध गोळी म्हणून तोंडातून दे. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, आणि तिथून रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेननं आधी लिव्हरला जातं, मग हिपॅटिक शिरांनी इन्फीरियर व्हेना केव्हात. काही औषधांचा तोंडावाटे डोस जास्त का आणि शिरेतून कमी का, याचं एक मोठं कारण या वाटेतच आहे: लिव्हर त्यातलं काही औषध आधीच मोडून टाकतं. तिसरी वाट: पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आणि सुटली, तर ती कुठे अडकेल? मेंदूत का नाही, फुप्फुसात का? उत्तर पुस्तक न उघडता काढ, मग इथे लिही.

रानजाई
आक्का, प्रयत्न करते. पायाची शीर, मांडी, फिमोरल, इलियाक, इन्फीरियर व्हेना केव्हा, उजवं एट्रियम, उजवं व्हेंट्रिकल, पल्मनरी धमनी. मग ती धमनी बारीक बारीक होत जाते, म्हणून तिथेच अडकणार. मेंदूत जायला आधी फुप्फुसातून पार व्हावं लागेल!

सिस्टर_आक्का
शाब्बास. (हृदयाच्या पडद्याला भोक असेल तर गोष्ट वेगळी, पण ते पुढच्या वर्षी.)

मटणवाडी_एक्स्प्रेस
प्लास्टिकचं धड कपाटात आहे ना? राहू दे तिथेच. रविवारी मटणाच्या दुकानात जा आणि बोकडाचं दिल माग, अख्खं, वरच्या नळ्यांसकट, आणि "चिरू नका दादा" हे आधीच सांग. घरी आणून उभं काप. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत उजवीपेक्षा किती जाड आहे ते एकदा बोटात धरून बघितलंस की ते पाठ करावं लागत नाही. उजवीकडून रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं, डावीकडून अख्ख्या अंगाला. झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतील, ते कॉर्डी टेंडिनी. श्वासनळी मिळाली तर मागची बाजू चाचप, कूर्चेच्या चकत्या मागे उघड्या असतात.
गुर्दा लांबीत काप, कॉर्टेक्स आणि मेड्युला रंगानं वेगळे दिसतात. माणसातले सुटे पिरॅमिड मात्र त्यात दिसणार नाहीत. फुप्फुसाचे खंड मोजू नकोस, ते आपल्यासारखे नसतात. आणि वजडीवरून जठर शिकायला जाऊ नकोस, बोकडाच्या पोटाला चार कप्पे! अभ्यास झाला की फोडणीला टाक.

तुळशीवृंदावन
आमच्या घरात हे चालणार नाही. 😄 शाकाहाऱ्यांनी काय करायचं?

टाका_नंबर_तीन
स्वतःचं अंग. गळ्याखालच्या खळग्यापासून बोट खाली सरकव, उंचवटा लागेल, तो स्टर्नल अँगल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून मोजत ये: बरगड्यांच्या पाचव्या फटीत, डाव्या हासळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर हृदयाचा ठोका. नाभी आणि उजव्या कमरेच्या पुढच्या हाडाचं टोक जोडणारी रेष घे, हाडाकडून एक तृतीयांशावर मॅकबर्नी पॉइंट, अपेंडिक्सचा. घरातल्या बारीक अंगकाठीच्या माणसाला पकड, हाडं पटापट सापडतात.
आणि हात खाली सोडून दंड बांध, शिरा फुगतील. शिरेतलं रक्त बोटानं कोपराकडे सार, खालून दाबून धर: ते परत मागे येत नाही, झडप अडवते. विल्यम हार्वेनं १६२८ साली रक्ताभिसरणाचा पुरावा म्हणून हेच दाखवलं होतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) सांगितलंस तर परीक्षक खूश.

अडुळसा
आयुर्वेदवाला मध्येच बोलतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग वाळ्याच्या वगैरे कुंच्यानं थर थर घासत आतलं बघायचं, अशी रीत सांगितली आहे. हाडं ३०० मोजली आहेत, आज प्रौढाची २०६. फरक मोजण्याच्या पद्धतीचा, कूर्चा आणि दातही त्यात धरलेत. पेपरात मात्र २०६ लिही, माझ्यासारखा वाद घालू नकोस.

घोकंपट्टी_जिंदाबाद
सगळं छान, पण परीक्षेत लेबल केलेली आकृती मागतात, गप्पा नाही. हृदय, नेफ्रॉन (किडनीतली बारीक गाळणी), लिव्हर, मेंदूचा उभा छेद, त्वचा, डोळा. रोज कोऱ्या कागदावर, न बघता, मग पुस्तकाशी ताडून लाल पेनानं दुरुस्त. डायफ्रॅमची (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याची) भोकं लक्षात ठेवायची सोय: इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं मोजा. व्हेना केव्हा ८, इसोफॅगस ब्रिटिश पद्धतीनं १०, एओर्टिक हायेटस (एओर्टाची फट) १२. छातीमागच्या (टी) मणक्यांच्या पातळ्याही त्याच, टी ८, टी १०, टी १२.

सिस्टर_आक्का
घोकंपट्टीशी माझं वैर नाही, पण तिला आधी खुंटी हवी. उजवा ब्रॉन्कस (श्वासनळीचा फाटा) रुंद, आखूड आणि जास्त उभा, हे नुसतं पाठ केलंस तर विसरशील. शेंगदाणा अडकलेलं पोर आणलं की डॉक्टर आधी उजवी बाजू का बघतात, हे कळलं की पक्कं. बाईचा मूत्रमार्ग सुमारे ४ सें.मी., पुरुषाचा साधारण २०. कॅथेटर (लघवीची नळी) किती आत जाईल आणि बायकांना लघवीचं इन्फेक्शन जास्त का, दोन्ही उत्तरं याच आकड्यात. उजवी किडनी थोडी खाली का? वर लिव्हर बसलंय. प्रत्येक आकड्याला एक पेशंट चिकटव.

रानजाई
आता रॉस अँड विल्सन शोधते. शेवटचं एक: मज्जासंस्था कधी घेऊ? आणि मेडिकल कॉलेजच्या भेटीत तासभरच मिळतो, त्यात काय बघू?

टाका_नंबर_तीन
मज्जासंस्था शेवटी घे, पण तुकडे आधीच जोडत जा. डायफ्रॅम वाचताना त्याला हलवणारी फ्रेनिक नर्व्ह, मानेतल्या सी ३, ४, ५ या नसांमधून येणारी. मानेच्या वरच्या भागात मणका मोडला तर श्वास का थांबतो ते तिथेच कळतं.
भेटीत मॉडेलवर दिसतं ते बघत वेळ घालवू नका. हे मागा: फुप्फुसाचं मूळ, म्हणजे ब्रॉन्कस आणि रक्तवाहिन्या एकत्र शिरतात ती जागा. किडन्या आतड्यांच्या मागे, पाठीच्या भिंतीला कशा चिकटून आहेत ते. आणि पार्श्वभागातली सायटिक नर्व्ह. दोऱ्यासारखी असेल असं सगळ्यांना वाटतं, असते मात्र बोटाएवढी जाड. आक्का इंजेक्शन वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच का देतात ते तिथे कळेल. फोटो काढायचा नाही, आणि फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा लावून जा.