मदत हवी आहे: यूएसबी वायफाय लागतच नाही, उद्या सकाळी परीक्षा (इंदूर)

रामबागचा_माळा · रात्री ८:४२
आज दुपारी जेल रोडवरून वायफायचं डोंगल आणलं. पीसीला लावलं, दिवा लागला, नेट नाही. ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा टाकला. दर वेळी "इन्स्टॉलेशन पूर्ण" म्हणतो आणि पुढे काहीच नाही. उद्या ९ वाजता मुलीची ऑनलाइन परीक्षा याच पीसीवर आहे. राउटर खाली, पीसी माळ्यावर. काय करू ते पटकन सांगा. "रीस्टार्ट करून पाहा" कृपया नको, केलंय.

नट_बोल्ट · ८:४९
दादा, कोणतं डोंगल? कोणतं विंडोज? ड्रायव्हर कुठून आणलात? डिव्हाइस मॅनेजरमध्ये (पीसीच्या उपकरणांची यादी) काय दिसतं? यातलं एकही लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

सुदामानगर_४४ · ८:५१
राउटर जमिनीवर ठेवलाय का? पाच फूट उंच ठेवा, अँटेना उभे करा. माळ्यावर रेंज नक्की येईल.

नट_बोल्ट · ८:५३
@सुदामानगर_४४ रेंजचं नंतर. पीसीने अजून डोंगल ओळखलेलंच नाही.

रामबागचा_माळा · ८:५८
विंडोज १०. डोंगलवर नाव नाही, खोक्यावर "६०० एमबीपीएस ड्युअल बँड" आहे. सोबत छोटी सीडी होती, पण पीसीला सीडी ड्राइव्ह नाही. म्हणून खोक्यावरचा आकडा मोबाइलवर शोधून ६०० वाल्याचा ड्रायव्हर उतरवला आणि केबलने पीसीत टाकला.

तारवाला · ९:०४
वायफायच्या भानगडीत पडूच नका. खालून वर कॅट ६ केबल टाका, २० मीटर पुरे. १०० मीटरपर्यंत चिंता नाही. दोन्ही टोकांना आरजे ४५ प्लग, तारांच्या रंगांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली आणि पिन वर करून डावीकडून मोजायचं. वरचं आवरण प्लगच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर महिनाभरात तारा सुटतात. आणि तांब्याची मागा. स्वस्तात मिळते ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, वाकवली की तुटते.

रामबागचा_माळा · ९:०७
रात्री नऊ वाजता केबल कुठून आणू?

पोहे_जलेबी · ९:०८
सराफ्याच्या खाऊगल्लीत या वेळी तळलेले गराडू मिळतील, केबल नाही 😄

पेंग्विन_भाऊ · ९:१२
विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून चालू करा. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून ६०० वाल्या ८८११सीयू चिपचा ड्रायव्हर आतच आहे. वेगळं काही टाकायचं नाही.

रामबागचा_माळा · ९:१४
परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

नट_बोल्ट · ९:१६
पेंग्विनभाऊ, ती चिप ८८११सीयू आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? खोक्याने? खोकं काहीही सांगतं.
दादा, डिव्हाइस मॅनेजर उघडा (स्टार्टवर राइट क्लिक करा, यादीत आहे). डोंगल काढा, पुन्हा लावा, आणि नवीन काय उगवतं ते बघा. त्याच वेळी "धिस पीसी" मध्येही नजर टाका.

रामबागचा_माळा · ९:२५
डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवीन सीडी ड्राइव्ह आली. "धिस पीसी" मध्येही एक सीडी दिसते. पण माझ्या पीसीला सीडी ड्राइव्हच नाही!! व्हायरस आहे का?

नट_बोल्ट · ९:३१
व्हायरस नाही. खरं कारण सापडलं. या स्वस्त डोंगलांच्या पोटात थोडी मेमरी असते. लावल्या लावल्या ते स्वतःला वायफाय न म्हणवता सीडी म्हणवतं, म्हणजे ड्रायव्हर सोबतच यावा. सेटअप झाला की ही "सीडी" बाहेर काढली जाते आणि तेच यंत्र वायफाय म्हणून परत हजर होतं. तुमचं अजून सीडीच्याच वेषात अडकलंय, म्हणून बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरला वायफाय सापडतच नाही. "इन्स्टॉलेशन पूर्ण" याचा अर्थ एवढाच की फाइली डिस्कवर गेल्या.

करा असं: आधी टाकलेला ड्रायव्हर अॅप्सच्या यादीतून काढा. मग त्या सीडीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. सीडीच्या आयडीत फार काही कळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये खाली यूएसबी कंट्रोलर्समध्ये "मास स्टोरेज" नावाची ओळ असते, तिथे बघा. व्हीआयडी (कंपनीची खूण) आणि पीआयडी (उपकरणाची खूण) यांच्यापुढची चार-चार अक्षरं इथे लिहा.

वैशाली_ताई · ९:३३
सगळ्यात सोपं: एखादं ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअर टाका. आपोआप सगळे ड्रायव्हर शोधून देतं.

नट_बोल्ट · ९:३६
ताई, नका हो. परीक्षेच्या आदल्या रात्री तर अजिबात नको. ती सॉफ्टवेअरं एका वायफायसाठी साउंड, चिपसेट, ग्राफिक्स सगळं बदलतात, वर दोन-चार जाहिराती बसवतात. आणि डोंगल सीडीच्या वेषात असेल तर त्यांनाही सीडीच दिसणार.

वैशाली_ताई · ९:३८
बरेच जण वापरतात, सगळ्यांचं बिघडत नाही.

तारवाला · ९:३९
म्हणूनच म्हणतो, केबल.

रामबागचा_माळा · ९:४४
मास स्टोरेजच्या ओळीत: व्हीआयडी ०बीडीए, पीआयडी १ए२बी.

पेंग्विन_भाऊ · ९:४७
०बीडीए म्हणजे रियलटेक. १ए२बी हा सीडीच्या वेषातला आकडा, आणि तो एकाहून जास्त चिपांना सारखाच असतो. वेष उतरल्यावरचा आकडा बघितल्याशिवाय चिप कळत नाही. लिनक्सवर वेष उतरवायचं काम यूएसबी मोडस्विच हे सॉफ्टवेअर करतं.

नट_बोल्ट · ९:५०
अगदी बरोबर. आता "धिस पीसी" मधल्या त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट करा. डोंगल हाताने काढू नका. दहा सेकंदांनी डिव्हाइस मॅनेजर बघा, "अदर डिव्हाइसेस" मध्ये पिवळ्या खुणेचं काहीतरी येईल. त्याचं नाव आणि आयडी दोन्ही लिहा.

पोहे_जलेबी · ९:५२
एक शंका. हे डोंगल की अडॅप्टर? आणि त्याला शुद्ध मराठीत काय म्हणायचं?

सुदामानगर_४४ · ९:५४
बिनतारी जोडक.

पोहे_जलेबी · ९:५५
दुकानात जाऊन "बिनतारी जोडक द्या" म्हणून दाखवा भिया, मग बोलू.

रामबागचा_माळा · १०:०१
आलं! पिवळी खूण. नाव "८०२.११एन", पुढे एनआयसी असं काहीतरी. पीआयडी बी७११. आता ६०० वाला ड्रायव्हर टाकू?

नट_बोल्ट · १०:०६
नाही! थांबा. बी७११ म्हणजे आरटीएल ८१८८जीयू. ही ६०० नाही आणि ड्युअल बँडही (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) नाही. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, एक अँटेना, कागदावर जास्तीत जास्त १५०. खरी ६०० वाली ८८११सीयू असती तर आकडा सी८११ आला असता. तुम्ही तीनदा दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर घातलात, तो लागणार कसा? नावातला "एन" बघूनच शंका यायला हवी होती, ६०० वाल्यावर "एसी" असतं.

आता ड्रायव्हर बाहेर शोधायची गरजच नाही. डोंगल काढा, पुन्हा लावा, म्हणजे सीडी परत येईल. ती उघडा, आतला सेटअप राइट क्लिक करून "रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर" ने चालवा. तो याच चिपचा आहे. अँटीव्हायरसने विचारलं तर परवानगी द्या. सीडीतून आपोआप काही सुरू होऊ देत नाहीत म्हणूनच तो सेटअप तुमच्यासमोर आला नसणार. संपलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये "नेटवर्क अडॅप्टर्स" खाली रियलटेक दिसायला हवं. न दिसता पुन्हा सीडीच दिसली तर हाताने इजेक्ट करा. ड्रायव्हर आता आत असल्याने या वेळी पिवळी खूण येणार नाही.

पेंग्विन_भाऊ · १०:०८
८१८८जीयू असेल तर माझं मघाचं उत्तर चुकीचं. तिला लिनक्सवर आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा वेगळा ड्रायव्हर लागतो.

वैशाली_ताई · १०:१०
खोक्यावर ६०० लिहून १५० विकतात? परत करा ते.

नट_बोल्ट · १०:१२
परीक्षा झाल्यावर. खोकं, बिल आणि छोटी सीडी जपून ठेवा. आकडा दिसतोय त्या स्क्रीनचा फोटो घ्या, दुकानदाराशी बोलताना तोच कामाला येईल. पुढच्या वेळी दुकानातच चिपचं नाव विचारा.

सिल्व्हर_मॉल_फॅन · १०:१५
आणि काहीच नाही जमलं तर अँड्रॉइड फोन आहे ना? फोन घरच्या वायफायला जोडा, डेटा केबलने पीसीत लावा, सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनच वायफाय अडॅप्टर होतो. विंडोज १० ला वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी, काही फक्त चार्जिंगच्या असतात.

नट_बोल्ट · १०:१७
हे पहिल्याच उत्तरात यायला हवं होतं. दादा, डोंगल लागलं तरी उद्यासाठी ही तयारी ठेवा.

तारवाला · १०:१८
फोनवर मध्येच कॉल आला, केबल हलली, टेदरिंग बंद झालं, की परीक्षा गेली. तार ती तारच.

सिल्व्हर_मॉल_फॅन · १०:२०
यूएसबीची पण तारच असते हो 😄 फोन टेबलावर सपाट ठेवा, हात लावू नका. एअरप्लेन मोड टाकून वायफाय तेवढं परत चालू करा, म्हणजे कॉल येणार नाही.

रामबागचा_माळा · १०:३४
सेटअप चालला! नेटवर्कची यादी आली. पण घरचं नाव दिसतं तरी जुळत नाही. पासवर्ड बरोबर आहे, "या नेटवर्कला जोडता आले नाही" म्हणतो. शेजाऱ्यांचं "५जी" मोबाइलवर दिसतं, इथे नाही.

नट_बोल्ट · १०:३९
शेजाऱ्यांचं दिसणार नाही, ही चिप ५ गिगाहर्ट्झ ऐकतच नाही. न जुळण्याचं कारण राउटरमध्ये बघा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर (वायफाय सुरक्षेचा नवा प्रकार) असेल तर जुने अडॅप्टर नाव दाखवतात, पण जोडत नाहीत. राउटरच्या पानावर २.४ च्या वायरलेस सेटिंगमध्ये "डब्ल्यूपीए२ पर्सनल, एईएस" करा. टीकेआयपी (जुनी पद्धत) निवडू नका, त्यावर वेग ५४ वर अडकतो. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळं असेल ते, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वाड्याच्या जाड भिंतींत ४० ने फायदा नाही, गोंधळच वाढतो.

सुदामानगर_४४ · १०:४१
आता तरी राउटर वर ठेवा.

नट_बोल्ट · १०:४२
हो, आता ठेवा. 😄 डोंगल पुढच्या निळ्या यूएसबीत असेल तर मागच्या काळ्यात लावा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच पडतो. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन असेल तर डोंगल पत्र्याच्या कॅबिनेटपासून दूर, खिडकीपाशी न्या. एक्स्टेन्शनशिवाय मागे लावलं तर कॅबिनेटच त्याची भिंत होते.

रामबागचा_माळा · १०:५८
डब्ल्यूपीए२ केलं, जोडलं. पण ब्राउझर प्रत्येक साइटवर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो!

सिल्व्हर_मॉल_फॅन · ११:००
घड्याळ बघा. खाली कोपऱ्यात तारीख काय आहे?

रामबागचा_माळा · ११:०२
२०१२.

सिल्व्हर_मॉल_फॅन · ११:०४
हेच. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. टाइम सेटिंग्जमध्ये "सिंक नाऊ" दाबा, टाइम झोन भारताचा ठेवा. सिंक झालं नाही तर तारीख हाताने बदला, मग पुन्हा दाबा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, म्हणून प्लग काढला की घड्याळ मागे जातं. आज रात्री प्लग काढू नका, सेल परीक्षेनंतर बदला.

रामबागचा_माळा · ११:१३
चाललं. वेग २८ एमबीपीएस येतोय.

नट_बोल्ट · ११:१६
कॅमेऱ्यासह परीक्षेला ४-५ पुरे. आता दोन कामं करून झोपा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या रियलटेकच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल, तिथली "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" ही खूण काढा. नाहीतर मुलगी प्रश्न वाचत बसेल आणि डोंगल झोपेल. दुसरं, विंडोज अपडेट सात दिवसांसाठी थांबवा. आणि सकाळी ८ ला एकदा पीसी बंद करून चालू करा. पुन्हा सीडी दिसली तर इजेक्ट करायचं, घाबरायचं नाही.

रामबागचा_माळा · ११:१९
सगळं केलं. फोनची केबलही टेबलावर ठेवलीय. धन्यवाद सगळ्यांना, तारवाल्यांनाही.

तारवाला · ११:२१
परीक्षा झाली की केबल टाका. मापं टाका इथे, किती मीटर लागेल ते सांगतो.

गीताभवन_२१ · ११:२६
माझा प्रिंटर वायफायवर "ऑफलाइन" दाखवतो, काय करू? पटकन सांगा, उद्या सकाळी प्रिंट हवंय.

नट_बोल्ट · ११:२८
नवीन धागा काढा. मॉडेल, विंडोज आणि राउटरचं नाव पहिल्याच पोस्टमध्ये टाका.