‘हॅप्टिक’ला मराठीत काय म्हणाल?

कलामहाविद्यालयातल्या मुलांसाठी डिजिटल कलेवरची टिपणं आणि प्रदर्शनातल्या पाट्या मराठीत करतेय. ‘इन्स्टॉलेशन’ला मांडणशिल्प आहे, ‘इंटरॲक्टिव्ह’चंही कसंबसं निभावलं, पण ‘हॅप्टिक’पाशी, म्हणजे स्पर्शाने जाणवणाऱ्या गोष्टींसाठीच्या इंग्रजी शब्दापाशी, गाडी अडली. स्पर्शसंवेदी, स्पर्शाधारित, स्पर्शगम्य, सगळे लिहून खोडले.

का खोडले ते सांगते. क्रिस्टा सोमरर आणि लोराँ मिन्योनो या कलाकारांचं १९९२चं ‘इंटरॲक्टिव्ह प्लांट ग्रोइंग’ घ्या. खरीखुरी कुंडीतली झाडं. पानाला हात लावला, किंवा नुसता जवळ नेला, की विद्युतदाबातला फरक टिपला जातो आणि पडद्यावर झाडं वाढू लागतात. इथे ‘स्पर्शसंवेदी’ चालेल, झाडच संवेदी आहे. पण शार डेव्हिस यांच्या ‘ऑस्मोस’ या आभासी जगात फिरवणाऱ्या कलाकृतीमध्ये (१९९५) हाताला कामच नाही. अंगात जाकीट, डोळ्यांवर हेल्मेट. श्वास आत घेतला की आपण वर तरंगतो, सोडला की खाली येतो. याला स्पर्श कसं म्हणू?

प्रतिसाद :
‘स्पृश्य’ का नको? धातू सरळ, रूप सुटसुटीत. ‘स्पृश्य माध्यम’, ‘स्पृश्य कला’. संगणकातली माहिती हाताळता येईल अशा वस्तूंत आणायची, या एमआयटीच्या हिरोशी इशींच्या ‘टँजिबल बिट्स’ कल्पनेलाही (१९९७) तोच शब्द पुरेल.

प्रतिसाद :
व्याकरणाने पुरेल, महाराष्ट्रात पुरणार नाही. १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ‘स्पृश्य’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात पुढचा ‘अ’ आपोआप उमटतो, तो प्रदर्शनाच्या पाटीवर पुसता येत नाही. ‘टँजिबल’ला ‘मूर्त’ आहेच की.

‘शिवणे’चीही तीच गत. ‘शिवू नकोस’ हे आजीच्या तोंडून ऐकलेल्यांना तो शब्द अजून बोचतो. पोरांच्या शिवणापाणीत मात्र तो स्वच्छ राहिलाय. ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य! एका स्पर्शाने खेळ उलटा फिरतो. ताईंनी सांगितलेल्या त्या झाडांचं तरी वेगळं काय चाललंय?

प्रतिसाद :
सगळे नामामागे लागलात. मराठी माणूस स्पर्शाबद्दल बोलताना क्रियापद वापरतो, ‘लागणं’. रंग दिसतो, गाणं ऐकू येतं, वास येतो. पण पाणी हाताला गार ‘लागतं’, भिंत खरखरीत ‘लागते’. भाजीसुद्धा अळणी लागते, म्हणजे जिभेलाही तेच क्रियापद. जे अंगाला येऊन भिडतं ते लागतं, असा माझा अंदाज.

साडीच्या दुकानात मावशी पदर चिमटीत धरून अंगठा फिरवते आणि म्हणते, ‘पोत बरा आहे, पण हाताला जरा राठ लागतंय.’ ती बोट नुसतं ठेवून थांबत नाही, घासते. २०१० साली डिझ्नीच्या संशोधकांनी ‘टेस्लाटच’ हे स्पर्शपडद्याचं तंत्र केलं, त्यातलं मर्म हेच. काचेखालच्या विद्युतदाबाची लहर बदलली की काचेवरून सरकणाऱ्या बोटाचं घर्षण बदलतं आणि गुळगुळीत काच खडबडीत लागते. बोट थांबलं की पोत गायब. मावशीला यातलं काही नवं वाटणार नाही. फोनवर साडी मागवायला ती तयार नाही, ती याचसाठी.

(जाता जाता : ‘डिजिटल’च्या मुळाशी लॅटिनमधलं बोटच आहे. बोटं मोजता मोजता ते आकड्यांपाशी गेलं. आपण ‘अंकीय’ केलं आणि बोट छाटलं.)

मूळ प्रश्नकर्ती :
‘लागणं’ आवडलं. पण पॉल सर्मन यांचं ‘टेलेमॅटिक ड्रीमिंग’ (१९९२) कुठे बसवू? दोन वेगळ्या ठिकाणी दोन पलंग. एकावरच्या माणसाची थेट चलत्‌प्रतिमा दुसऱ्यावर पडते. तुम्ही त्या चादरीवरच्या हाताकडे आपला हात नेता, तो हात मागे सरकतो, आणि आपण नकळत सॉरी म्हणतो. हाताला लागते ती फक्त चादर.

प्रतिसाद :
तिथे डोळेच हाताचं काम करतात. गंमत म्हणजे ‘हॅप्टिक’ कलेच्या चर्चेत आला तो याच अर्थाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचे कलाइतिहासकार अलॉईस रीगल यांनी इजिप्तच्या उथळ कोरीव शिल्पांबद्दल तो वापरला : जवळून, कडेकडेने, जणू हात फिरवत पाहणं. त्याला ‘चाचपती नजर’ म्हणा. चाचपडती नको, ती अंधारातली. ‘ऑस्मोस’ला मात्र हे दोन्ही नकोत. श्वास आणि तोल आतून कळतात, तिथे ‘जाणवणं’ पुरे.

मूळ प्रश्नकर्ती :
ठरलं तर. मथळ्यात ‘हॅप्टिक’च ठेवते, पोरं तोच बोलतात. मजकुरात जिथे जे बसेल ते : लागणं, चाचपती नजर, जाणवणं. घर्षणाच्या काचेखालची पाटी अशी लिहिलीय : ‘काचेवरून बोट सरकवा. खरखरीत लागेल. थांबलात तर काहीच लागणार नाही.’

प्रतिसाद :
‘खरखरीत लागेल’ एका ओळीत राहील एवढं बघा. विजेचं यंत्र, आणि ओळ तुटून नुसतं ‘लागेल’ सुटं पडलं, तर शॉक लागेल म्हणून कुणी बोट लावायचं नाही.